जुना संगणक, पाच तक्रारी आणि मागे पडलेलं घड्याळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. २०११ साली घेतलेला डेस्कटॉप, इंटेलचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर, मूळचं विंडोज ७ आणि पुढे त्यावर चढवलेलं विंडोज १०. महिन्याभरात पाच तक्रारी जमल्या. सकाळी मशीन चालू केलं की ब्राउझर जवळपास प्रत्येक साइटवर ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ म्हणतो. व्हिडिओ बघताना मधेच सगळं गोठतं. स्पीकरमधून आवाज येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वायरलेस माउस अडखळतो. आणि उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशा खिडक्या उगवतात. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की मधे ४ जीबी रॅम वाढवली. शेवटी विचारलंय, फॉरमॅट मारू की भंगारात काढू?

दोन्ही नको. फॉरमॅट मारून पाचातल्या जेमतेम दोन तक्रारी जातील आणि वर ड्रायव्हर (प्रत्येक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअरं) शोधण्याचं काम मागे लागेल. जुन्या मशीनमध्ये बिघाड कुठेही असो, तो दिसतो ब्राउझरमध्ये, कारण दिवसातला बहुतेक वेळ आपण तिथेच असतो. सगळा राग मग त्याच्यावर निघतो. माझ्या हिशेबाने तुमच्या पाचांपैकी तीन तक्रारी हार्डवेअरच्या आहेत, एक सेटिंगची आणि ब्राउझरची म्हणावी अशी एकच. काहीही हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे नेहमीचंच वाटेल, पण पुढे हार्ड डिस्कचा संशय येणार आहे.

सुरुवात घड्याळापासून करू. सकाळी तो इशारा आला की त्या पानाकडे न बघता पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेलेली असणार, बहुधा तुमच्या बायोसच्या (विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) जन्मसालाच्या आसपास. प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असतं. मशीनच्या मते अजून २०११ चालू आहे आणि प्रमाणपत्र आहे यंदाचं, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. तो अडवतो ते बरोबरच आहे. ‘तरीही पुढे जा’ दाबून दिवस ढकलू नका. बोटाला ती सवय लागली की एखाद्या दिवशी खरा इशाराही तुम्ही तसाच ओलांडाल.

तारीख जाते ती मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किटवरच्या, नाण्याएवढ्या बॅटरीमुळे. सीआर२०३२, ३ व्होल्टची. मापं नावातच आहेत: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. मशीन बंद असलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार या बॅटरीवर येतो. म्हणून एक पडताळणी सोपी आहे: आज रात्री भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. उद्या सकाळी तक्रार आली नाही तर बॅटरी संपली म्हणून समजा. मल्टिमीटर असेल तर थेट मोजा. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते, आकडा २.८ च्या खाली दिसला की मी विचार न करता बदलतो.

तुम्ही म्हणाल, इंटरनेट चालू आहे तर विंडोज आपणहून वेळ का नीट करत नाही? कारण घरगुती मशीनवर विंडोजची वेळ जुळवणारी सेवा मुळात लहानसहान फरकांसाठी आहे. फरक साधारण १५ तासांच्या पुढे गेला की ती बहुतेकदा हात लावत नाही. तारीख हाताने जवळपास आणून ठेवली की मग उरलेली मिनिटं ती जुळवते.

बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात, पण त्या पाच मिनिटांत एक खड्डा आहे. बॅटरी काढली की बायोसच्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होतात, आणि त्यात साटाची, म्हणजे हार्ड डिस्क मदरबोर्डशी ज्या जोडणीने बोलते तिची, पद्धतही आली. ती दोन प्रकारची असते: नवी एएचसीआय आणि जुनी आयडीई. विंडोज एएचसीआय पद्धतीवर बसवलेलं असेल आणि बायोस परत आयडीईवर गेलं, तर पुढच्या वेळी निळा पडदा येतो: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, जुन्या विंडोजमध्ये ७बी क्रमांकाचा. बघणाऱ्याला वाटतं हार्ड डिस्क गेली. मी स्वतः एकदा या फेऱ्यात अर्धा दिवस घालवलाय, नवी केबल लावून, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून. आणि उत्तर बायोसच्या एका ओळीत होतं. म्हणून आधी बायोसमध्ये जा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच मशीन बंद करा. वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात टेकवा, बॅटरीशेजारची छोटी पत्र्याची कड नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने बाजूला दाबा. बॅटरी आपोआप उचलली जाते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह वर. चालू करून थेट बायोसमध्ये जा, फोटो बघून सेटिंग परत लावा, तारीख भरा.

तारीख बरोबर असूनही काही मोजक्याच साइट अडत असतील तर गोष्ट वेगळी. बऱ्याच साइट ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभ्या होत्या, त्यातलं एक ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि अपडेट न मिळालेल्या विंडोज ७ व एक्सपीच्या मशीनवर एकदम गोंधळ झाला. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःची बाळगतो, त्यामुळे अशा वेळी तो चालतो. दुसरं कारण अँटीव्हायरस. काही अँटीव्हायरस सुरक्षित पानं मधेच उघडून तपासतात आणि साइटच्या जागी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. इशाऱ्याच्या पानावर प्रमाणपत्र कोणी दिलंय ते उघडून बघा. तिथे अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर चोर सापडला.

आता गोठणं. पाचातलं सगळ्यात चिवट हेच, म्हणून इथे घाई नको.

पुढच्या वेळी सगळं गोठलं की रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर यंत्रणेचा गाभा जिवंत आहे आणि वरचं काहीतरी अडकलंय. माउसचा बाण फिरतो, क्लिक लागत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला, असं चित्र असेल तर नजर हार्ड डिस्ककडे वळवा. कॅप्स लॉकही मेला असेल, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला असेल, तर रॅम, ग्राफिक्स, उष्णता किंवा वीजपुरवठा.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय अर्थातच नव्या रॅमवर आहे. गोठणं रॅम वाढवण्याच्या आधी होतं की नंतर सुरू झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. रॅमच्या जुन्या पट्ट्या १३३३ वेगाच्या आणि नवी १६०० ची असेल तर त्यात वावगं काही नाही, सगळ्या मिळून १३३३ ने चालतात. त्रास वेगळीकडे असतो. मोठ्या क्षमतेच्या चिपच्या पट्ट्या जुन्या मदरबोर्डला वाचताच येत नाहीत. स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या तर फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतील अशा बनवलेल्या असतात. इंटेलच्या बोर्डवर त्या एकतर दिसतच नाहीत किंवा दिसून दगा देतात. लेबल नीट वाचा.

तपासण्याची पद्धत अशी. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका आणि मशीन त्यावरून सुरू करा. सगळ्या पट्ट्या एकत्र लावून एक पूर्ण फेरी, शक्यतो रात्रभर. लाल रंगात एक जरी ओळ उमटली तर ती चूकच; ‘फक्त एकच आहे’ असं म्हणून सोडू नका. मग एकेक पट्टी, एकाच स्लॉटमध्ये लावून. पट्टी निर्दोष निघाली तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, कारण कधी कधी दोष स्लॉटचा असतो. काढलीच आहे तर पट्टीचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलकेच पुसा आणि भुगा झटकून टाका. हसू येईल, पण रॅमच्या कित्येक तक्रारी तेवढ्यावर मिटलेल्या मी बघितल्या आहेत. (रॅम वाढवूनही विंडोज ३ जीबीच्या आसपासच वापरायला देत असेल तर तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. त्याची मर्यादा ४ जीबी, आणि त्यातलाही काही पत्त्यांचा पट्टा ग्राफिक्ससारखी उपकरणं घेतात.)

रॅम निर्दोष निघाली तर मी जी चाचणी करतो ती लोक सहसा टाळतात: लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी यंत्रणा) पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसवता, त्यावरूनच मशीन चालवायचं. तोच ब्राउझर, तोच व्हिडिओ, तासभर. तिथेही गोठलं तर विंडोज, ड्रायव्हर आणि व्हायरस सगळे निर्दोष सुटले, दोष यंत्रात आहे. तिथे नीट चाललं तर उलट. तेवढ्या तासाने नंतरचे दोन दिवस वाचतात.

व्हिडिओच्याच वेळी का? कारण तेव्हाच प्रोसेसर खरा राबतो. तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एच.२६४ हे व्हिडिओचं जुनं रूप स्वतः उलगडू शकतं, पण व्हीपी९ किंवा एव्ही१ त्याला येत नाही. यूट्यूब मात्र शक्य असेल तिथे हीच नवी रूपं पाठवतं आणि मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओच्या रूपाच्या, ओळीत ‘एव्हीसी१’ असेल तर ते एच.२६४, ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ असेल तर तुमचा प्रोसेसर एकटाच ओझं वाहतोय. यूट्यूबला एच.२६४च पाठवायला लावणारी छोटी एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायच्या पुरवण्या) मिळतात. जुन्या मशीनवर त्यांचा फरक पंख्याच्या आवाजातच कळतो.

दहा-बारा वर्षांत प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळते. व्हिडिओ चालू असताना तापमान ९० अंशांच्या पुढे जात असेल तर हीटसिंक काढा, धूळ झटका, नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावा. कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरच्या कपॅसिटरच्या (उभ्या छोट्या नळकांड्यांच्या) टोप्या बघा: सपाट असाव्यात. फुगलेल्या किंवा तपकिरी चिकट दिसल्या तर बोर्डाचे दिवस भरलेत. तीच गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, फक्त तो स्वतः उघडू नका. बंद असतानाही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज राहते.

हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवा आणि तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचायला अडकणारे; हा शून्य नसेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा उतरवा. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नाही. साटाची केबल बदलून बघा. सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही, पण पुढे वाढायचा थांबतो.

गोठण्याचा शेवटचा धागा ब्राउझर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भांडणाचा. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ या भागात हार्डवेअर ॲक्सिलरेशनची कळ आहे. ती बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. काळे चौकोन, लुकलुकणं, गोठणं थांबलं तर दोष ड्रायव्हरचा होता. पण ही कळ बंद ठेवून खूश होऊ नका. एच.२६४सुद्धा मग प्रोसेसरच उलगडतो. शक्य असेल तर ग्राफिक्स बनवणाऱ्याचा शेवटचा ड्रायव्हर बसवा आणि कळ परत चालू करा.

आवाजाचं सोपं आहे. विंडोजच्या अपडेटनंतर किंवा एचडीएमआयची वायर जोडल्यावर विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवायला लागतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून कोणतं उपकरण निवडलंय ते बघा. फक्त पुढच्या बाजूचा हेडफोन मुका असेल तर कॅबिनेटमधली वायर जुन्या एसी९७ पद्धतीची असू शकते; त्या पद्धतीत जॅकमध्ये काही लावलंय हे मशीनला कळत नाही. तेव्हा रिअलटेकच्या (आवाजाच्या ड्रायव्हरच्या) खिडकीतून पुढच्या जॅकची आपोआप ओळख बंद करावी लागते.

एवढ्यानेही आवाज आला नाही तर विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडा. पिवळा त्रिकोण दिसला की त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. तो न वाचता ड्रायव्हर टाकत सुटणं म्हणजे अंधारात दगड मारणं. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही, बहुतेकदा चुकीचा ड्रायव्हर. ४३ म्हणजे उपकरणानेच हात वर केलेत; यूएसबीचं असेल तर काढा, मशीन पूर्ण बंद करून वायर काढून मिनिटभर थांबा, मग दुसऱ्या पोर्टला लावा. १२ म्हणजे साधनं अपुरी, हाच खरा जुन्या अर्थाचा संघर्ष. उपकरण अनोळखी असेल तर ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी बघा. पहिला चार अक्षरी क्रमांक बनवणाऱ्याचा: ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया. हा क्रमांक घेऊन बनवणाऱ्याच्या किंवा मदरबोर्डवाल्याच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ वाल्यांच्या वाटेला जाऊ नका. कोपऱ्यातल्या खिडक्यांचं खापर मी निम्मं त्यांच्यावरच फोडतो. ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणं दाखवली की पूर्वी कधीतरी जोडलेली फिकट नावं दिसतील. जुन्या साउंड कार्डाचं किंवा डोंगलचं (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचं) भूत तिथे असेल तर काढून टाका.

हा ‘हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट’ शब्द ज्या काळातून आला तो आता संपलाय. तेव्हा पीसीमध्ये आयआरक्यूच्या, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला हाक मारण्याच्या, ० ते १५ अशा सोळा ओळी होत्या आणि त्यातली २ नंबरची दोन नियंत्रकांना जोडण्यात खर्ची पडायची. माउस-मोडेम लावायच्या जुन्या सिरियल पोर्टांपैकी कॉम१ आणि कॉम३ दोघं ४ नंबरच्या ओळीवर, कॉम२ आणि कॉम४ दोघं ३ वर. कॉम१ वर माउस आणि कॉम३ वर मोडेम लावला की इंटरनेट जोडताक्षणी माउस मरायचा. ओळ बदलायला कार्डावरचे जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) चिमट्याने हलवत बसायचो. आज मदरबोर्डवरची (पीसीआय) उपकरणं एक ओळ वाटून घेतात, त्यामुळे १२ चा कोड क्वचितच दिसतो.

तुमचा अडखळणारा माउस मात्र नव्या जमान्यातल्या संघर्षाचा नमुना आहे. त्यात ड्रायव्हरचा संबंध नाही. यूएसबी ३.० चं पोर्ट आणि केबल काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि माउसचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. डिस्क निळ्या पोर्टात, डोंगल तिच्या शेजारी, मग माउस बहिरा होणारच. डोंगल यूएसबीच्या हातभर एक्स्टेंशन वायरवर घेऊन टेबलावर ठेवा, झालं. त्याच डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल किंवा ती आपोआप सुटत असेल तर तिला वीज कमी पडतेय. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांच्या वायरी बारीक असतात. डिस्क मागे, थेट मदरबोर्डला जोडा.

राहिल्या त्या व्हायरसच्या खिडक्या. त्या व्हायरसच्या नसतात, तुम्ही कधीतरी कुठल्यातरी साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्या, त्यात नोटिफिकेशन. अनोळखी नावं काढा आणि नवी विचारणाच बंद करा. खिडकीत फोन नंबर असेल तर तो कधीही फिरवू नका, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. मग क्रोमची गेस्ट खिडकी किंवा फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड उघडून बघा. तिथे सगळं स्वच्छ चाललं तर दोष एक्सटेन्शनचा आहे. सगळी बंद करून एकेक चालू करा. ब्राउझर उघडताच भलतंच पान येत असेल तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टी उघडा. ‘टार्गेट’च्या शेवटी, डॉट ईएक्सईच्या पुढे, एखादा पत्ता चिकटवलेला सापडतो. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगकडेही (इंटरनेट मधल्या दुसऱ्या मशीनमार्फत वळवणारं सेटिंग) एक नजर टाका.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज ७ वर परत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिथे क्रोम १०९ वरच थांबलाय. मशीनचं आयुष्य वाढवायचं असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या भागांविना चालणारी वेगवान डिस्क) टाकून लिनक्स मिंट बसवा. पेनड्राइव्हवरची चाचणी तुम्ही तशीही करणार आहात, तेव्हा ते आवडतंय का तेही कळेल.

बॅटरी आजच बदला, आणि रात्री मेमटेस्ट लावून झोपा. सकाळी लाल ओळी दिसल्या तर पडद्याचा फोटो, प्रत्येक पट्टीच्या लेबलवरचा मजकूर आणि मदरबोर्डचं मॉडेल कळवा. नवी पट्टी बोर्डला चालणारी आहे की नाही ते तेवढ्यावरून सांगता येईल.